'व्हायरसमुळे वजन वाढतं' ही बातमी कशी वाचायची

मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये रक्त घेते. मागे एक काकू खुर्चीत बसल्या बसल्या मोबाइल पुढे करून म्हणाल्या, "ताई, हा जाड करणारा व्हायरस. याचीही टेस्ट करून टाका." आमच्याकडे ती टेस्ट होत नाही. पण बातमी निव्वळ थापही नव्हती.

अशी बातमी आली की आधी व्हायरसचं नाव शोधा. नावच नसेल तर पुढे वाचू नका. बहुतेकदा तो ॲडेनोव्हायरस-३६ असतो.

मग प्रयोग कोणावर झाला ते बघा. या विषयाची सुरुवातच कोंबड्यांपासून झाली. १९८०च्या दशकात मुंबईत लठ्ठपणावर उपचार करणाऱ्या डॉ. निखिल धुरंधर यांच्या कानावर आलं, की साथीत मेलेल्या कोंबड्यांच्या पोटात चरबी साठलेली असते. आजाराने मेलेलं जनावर खंगलेलं हवं ना? त्यांनी कोंबड्यांना मुद्दाम त्या साथीच्या व्हायरसची लागण केली (तो कोंबड्यांचा वेगळा ॲडेनोव्हायरस होता, ३६ नव्हे). चरबी वाढली, कोलेस्टेरॉल मात्र उतरलं! लिपिड प्रोफाइल रोज बघणाऱ्या मला हे अजून चक्रावून टाकतं.

माणसांना अशी मुद्दाम लागण करता येत नाही, म्हणून त्यांच्या रक्तात अँटिबॉडी शोधतात. २००५च्या अमेरिकी अभ्यासात ५०२ जणांपैकी लठ्ठ लोकांत ३० टक्क्यांकडे ॲडेनोव्हायरस-३६च्या अँटिबॉडी निघाल्या, बाकीच्यांत ११ टक्क्यांकडे. आकडा बघून लगेच दचकू नका. अँटिबॉडी एवढंच सांगते की या व्हायरसशी कधीतरी गाठ पडली होती. कधी, ते सांगत नाही. मला दुसरीत असताना कांजिण्या आल्या होत्या, त्यांच्या अँटिबॉडी आजही माझ्या रक्तात सापडतील. त्यामुळे आधी व्हायरस आला की आधी वजन वाढलं, हे एका नमुन्यावरून ठरत नाही. बातमीत 'लागण झाल्यावर वजन वाढलं' असं लिहिलं असेल, तर त्याच लोकांचं रक्त आधीही तपासलं होतं का, ते शोधा.

उलट निकालाचा उल्लेख आहे का, तेही बघा. अमेरिकी सैनिकांवरच्या २०१०च्या अभ्यासात लठ्ठपणाशी संबंध आढळला नाही. हे सहसा गाळलेलं असतं.

शेवटी, कोणी टेस्ट विकत असेल तर एकच विचारा: पॉझिटिव्ह आली तर पुढे काय? लठ्ठपणासाठी या व्हायरसवर ना औषध आहे ना लस.

काकूंनाही मी हेच विचारलं. त्या हसल्या. चिठ्ठीवर डॉक्टरांनी टीएसएच, म्हणजे थायरॉइडची टेस्ट, लिहिलं होतं, तेवढं रक्त घेतलं.