बडग्याचा फलक लिहिताना

पोळा पंधरा दिवसांवर आला की मंडळाची पोट्टी दुकानात येतात. "काका, यंदा एकदम कडक लिहा." कडक म्हणजे काय बाप्पा, असं विचारलं की एकमेकांच्या तोंडाकडे पाहतात. नागपूरच्या इतवारीत मी चाळीसेक वर्षं पाट्या रंगवल्या. पोट दुकानांच्या बोर्डांवर भरलं, बडग्याचे फलक हौसेचे. बडग्या म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबतीच्या मिरवणुकीत निघणारा, टोमण्याचा फलक बांधलेला पुतळा. आता हात थरथरतो, म्हणून हे लिहून ठेवतो. महागाई, खड्डे यांवर कोणीही लिहील. धर्माच्या नावानं चालणाऱ्या धंद्यावर लिहायचं असेल, तर हे वाचा.

आधी मारबतीचं, म्हणजे पीडा घेऊन जाणाऱ्या बाईच्या पुतळ्याचं, वाक्य नीट पाहा. काळी मारबत १८८१ पासून निघते, पिवळी १८८५ पासून, आणि ओरडा तोच: "इडा पीडा घेऊन जा गे मारबत!" तुमचा विषय 'इडा पीडा'च्या जागी घालून मोठ्यानं म्हणा. "ताईत विकणारा बाबा घेऊन जा गे मारबत" बसतं. "रात्री दोनचा डीजे" तर फारच बसतं. तिथं कोणाचा देव किंवा पैगंबर घालून पाहा, तुमचीच जीभ अडखळेल. पीडा देणारा माणूस असतो, तो शोधा.

याचा अर्थ देवाची थट्टा करायचीच नाही असा नाही. आपल्या गवळणीतली मावशी कृष्णाला भर रस्त्यात अडवून चार शब्द सुनावते, तरी लोक टाळ्या देतात. पण तिच्याकडे अर्धा तास असतो आणि समोरचा प्रेक्षक बसलेला असतो. तुमचा फलक चालत्या मिरवणुकीत दोन सेकंद वाचला जातो. आणि सुरुवात आपल्याच घरातल्या बाबापासून करा. शेजाऱ्याच्या बाबावर आधी लिहिलंत तर तो विनोद राहत नाही, डिवचणं होतं.

आता माझी चूक सांगतो. एका वर्षी मी दोन ओळी लिहिल्या होत्या. वर मोठ्या अक्षरात 'देव झोपला', खाली 'म्हणून बाबा नोटा मोजतो'. बडग्याच्या गळ्यात कोणीतरी झेंडूचा हार घातला, तो नेमका खालच्या ओळीवर आला. फोटो निघाला, मोबाइलवर फिरला, त्यात फक्त 'देव झोपला'. रात्री साडेनऊला सात-आठ जण दुकानासमोर. शटर अर्धं ओढलेलं, मी आत ब्रश धूत होतो. शेजारचे पानवाले भाऊ मध्ये पडले आणि त्यांनी मूळ फलक आणून दाखवला, म्हणून निभावलं. त्यातला एक जण वाचून हसलाही. पण दगड त्याच्या हातात होता, तो मी पाहिला.

तेव्हापासून नियम एकच: प्रत्येक ओळ एकटी वाचली तरी अर्थ तोच राहिला पाहिजे. चिमटा आणि ज्याला काढला तो, दोघं एकाच ओळीत. 'झोपलेल्या देवाच्या नावानं बाबा नोटा मोजतो', संपलं. फलक बांधण्याआधी अर्धा भाग हातानं झाकून पोरांना वाचायला लावा. आणि मिरवणूक निघण्याआधी पूर्ण फलकाचा स्वच्छ फोटो स्वतः काढून ठेवा.

कायद्याचंही बघून ठेवा. भारतीय न्याय संहितेचं कलम २९९, म्हणजे १ जुलै २०२४ च्या आधीचं २९५-अ. जाणूनबुजून, दुष्ट हेतूनं धर्माचा अपमान केला तर तीन वर्षांपर्यंत कैद. पोलीस वॉरंटशिवाय उचलू शकतात. खटला कोर्टात उभा राहायला मात्र सरकारची मंजुरी लागते. सगळा भार हेतूवर आहे, म्हणून एक वही ठेवा: कोणत्या बातमीवरून लिहिलं, तिचं कात्रण, कच्चा मसुदा, तारीख. भोंदूगिरीवर लिहीत असाल तर राज्याचा २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा तुमच्याच बाजूचा आहे. तो येण्यासाठी दाभोलकरांना आधी जीव गमवावा लागला, हे विसरू नका.

२९५-अ आलं १९२७ मध्ये, लाहोरच्या एका पुस्तकावरून. लोकांचा राग शांत व्हावा म्हणून कायदा केला, तरी त्या पुस्तकाचे प्रकाशक राजपाल यांचा १९२९ मध्ये भोसकून खून झालाच. चाकू चालवणारा कायदा वाचून येत नाही. आपल्या शेजारी अमरावतीत २१ जून २०२२ ला औषध दुकानदार उमेश कोल्हे यांना मारलं, तपास यंत्रणा म्हणते व्हॉट्सअॅपवरच्या एका पोस्टवरून. "त्यानं असं कशाला लिहावं?" असं त्या वेळी आमच्या ओट्यावरही कोणी कोणी म्हणालं. मी तेव्हाही भांडलो. लिहिण्याची चूक लिहून सांगा. गळ्यावर सुरी हे उत्तरच नाही.

धमकी आली तर उलट उत्तर देऊ नका, डिलीटही करू नका. नंबर आणि वेळ दिसेल असा स्क्रीनशॉट काढा, फोन आला तर शब्द जसेच्या तसे वहीत उतरवा, ठाण्यात लेखी तक्रार द्या, त्याच संहितेतल्या धमकीच्या कलम ३५१ चं नाव घ्या, पोच मागा. माणसं दारात आली तर ११२. फलकाखाली एकट्याचं नाव टाकू नका, मंडळाचं टाका. वादाची कुणकुण लागली की त्याच संध्याकाळी दुसऱ्या मोहल्ल्यातल्या जाणत्या माणसाला स्वतः जाऊन फलक दाखवा. १७ मार्च २०२५ ला आपल्या महाल भागात पेटलं ते जाळलेल्या चादरीवर कुराणातल्या आयती होत्या या अफवेवरून, आणि मग अकरा ठाण्यांच्या हद्दीत संचारबंदी. अफवा पोचायच्या आत तुम्ही पोचा.

राहिला रंग. पोस्टर कलर वापरू नका, मारबतीला पाऊस ठरलेला. एका वर्षी 'भोंदू' वाहून गेला आणि कापडावर 'बाबा' तेवढे राहिले. लोक बडग्याला हात जोडत होते.