टाकी भरली तरी काटा रिकाम्यावर: जुन्या डिझेल पिकअपचं टँक युनिट बदलणं

टाकी तुडुंब, काटा रिकाम्यावर. खड्ड्यात चाक गेलं की तोच काटा क्षणभर वर उडतो. सोलापूरच्या मार्केट यार्डात कांदा नेणाऱ्या आमच्या जुन्या पिकअपचं हे लक्षण. फ्यूज बदलला, मीटरही बदललं, फरक शून्य. रात्री पंढरपूर रस्त्याला अंदाजाने डिझेल भरून गाडी हाकणं म्हणजे जिवाला घोर.

टाकीतली डिझेलची पातळी मोजून मीटरला कळवतं ते टँक युनिट, म्हणजेच सेंडर. आधी दोष कुठे ते पाहा. टाकीवरचा कनेक्टर काढा, चावी ऑन करा, सेंडरची वायर क्षणभर बॉडीला टेकवा. काटा दुसऱ्या टोकाला गेला तर मीटर आणि वायरिंग ठीक. मग युनिटची अर्थ वायर (बॉडीला जोडणारी) घासून पाहा. गंजानेही हेच होतं. आमची अर्थ चांगली निघाली.

डिझेल पाव टाकीखाली आणा, बॅटरीची निगेटिव्ह सोडा. युनिटच्या झाकणाभोवतीची माती आधी ब्रशने काढाच, आत गेलेला कण पंपाला आणि इंजेक्टरला महागात पडतो. सप्लाय-रिटर्न (डिझेल इंजिनकडे नेणाऱ्या आणि परत आणणाऱ्या) पाइपांना खुणा करून ते काढा. युनिट जागी धरणारी लॉक रिंग लाकडी ठोकळ्याने हलके ठोकत फिरवा, युनिट तिरकं करून बाहेर घ्या.

मल्टीमीटर लावून युनिटचा फ्लोट (डिझेलवर तरंगणारा भाग) सावकाश वर-खाली केला. जुन्या युनिटचा ओहमचा (विद्युत रोधाचा) आकडा मध्येच तुटत होता, म्हणजे आतली पट्टी झिजलेली. नव्याचा सलग सरकला. रिकाम्या-भरल्या टाकीचे ओहम तुमच्या मीटरशी जुळणारंच युनिट घ्या, सील नवीन टाका. पाइप खुणेप्रमाणे लावा, कनेक्टर जोडा, बॅटरी सगळ्यात शेवटी.