भुवई टोचताना: जागा, माप आणि नंतरचे तीन महिने

कानाच्या पाळीला पुढची बाजू असते आणि मागची असते, त्यामुळे भोक आरपार पडतं. भुवईला मागची बाजूच नाही. कातडी चिमटीत धरून त्या घडीतून सुई जाते आणि दागिना कातडीखाली वरच्यावर बसतो. शरीर त्याला रुतलेल्या काट्यासारखं हळूहळू बाहेर ढकलत राहतं. भुवईचं टोचणं बिघडतं ते बहुतेकदा याच कारणाने. म्हणून पहिल्या दिवशी योग्य खोली मिळणं आणि नंतर दागिन्याला धक्का न लागणं, या दोन गोष्टी सांभाळल्या की निम्मं काम होतं.

सोनारांचा हात बाळाचे कान टोचण्यात बसलेला असतो, पण भुवई त्यांच्याकडे टोचून घेऊ नका. कानातली तार बारीक असते आणि बारीक तार ताण आला की कातडी कापत सरकते. पार्लरमधली गन त्याहून वाईट. ती बोथट टोकाचा खडा जोर लावून घुसवते, त्याची दांडी आखूड आणि सरळ असते, आणि प्लास्टिकची गन ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे दाबाखालच्या वाफेने जंतू मारणाऱ्या यंत्रात, निर्जंतुक करता येत नाही. भुवईसाठी पिअर्सिंग स्टुडिओत जा आणि तिथे ऑटोक्लेव्ह दाखवायला सांगा. १२१ अंश सेल्सिअसला किमान १५ ते २० मिनिटं वाफेच्या दाबाखाली अवजारं राहायला हवीत. निळ्या दिव्याचं कपाट किंवा उकळतं पाणी चालत नाही. सुई पोकळ हवी आणि तिचं पाकीट तुमच्यासमोर फोडलेलं हवं. हेपॅटायटिस बी आणि सी रक्तातून पसरतात, त्यामुळे इथे संकोच करू नका. टिटॅनसचं इंजेक्शन आणि हेपॅटायटिस बीची लस झालेली असेल तर उत्तमच.

जखमेवर केलॉइड म्हणजे फुगीर व्रण उठण्याची सवय असेल, मधुमेह आटोक्यात नसेल, भुवईत कोंडा किंवा इसब असेल, मुरमांसाठी आयसोट्रेटिनोइनच्या गोळ्या चालू असतील, किंवा गरोदर असाल, तर आत्ता टोचू नका. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर आधी डॉक्टरांना विचारा, स्वतःच्या मनाने ती बंद करू नका.

दागिना

पहिला दागिना म्हणजे किंचित वाकडी बारबेल. जाडी १६ गेज, म्हणजे १.२ मिलिमीटर. लांबी ८ ते १० मिलिमीटर, दोन्ही टोकांना ३ मिलिमीटरचे बॉल. ही दांडी सुरुवातीला थोडी लांब दिसते, पण ती जागा सुजेसाठी सोडलेली असते. रिंग कितीही आवडली तरी पहिल्या दिवशी नको, कारण ती फिरते आणि कशात तरी अडकते.

धातू इम्प्लांट दर्जाचं टायटॅनियम घ्या, एएसटीएम एफ-१३६ प्रमाणाचं. सर्जिकल स्टील म्हणून मिळणाऱ्या ३१६एलमध्ये निकेल असतं. खोटे दागिने घातले की ज्यांचे कान खाजतात त्यांनी ते टाळावं. सोनं हवंच असेल तर निकेल नसलेलं, भरीव १४ किंवा १८ कॅरेटचं. घरचं २२ कॅरेटचं सोनं मऊ असतं, त्यावर सूक्ष्म ओरखडे पडतात आणि तेच जखमेत घासतात. मुलामा दिलेलं तर नकोच.

टोचण्याचा दिवस

आयब्रो करायचे असतील तर चार-पाच दिवस आधी करून घ्या. ताज्या थ्रेडिंगने लाल झालेल्या कातडीवर सुई नको. त्या दिवशी नीट जेवून जा, उपाशीपोटी चक्कर येते. आदल्या दिवसापासून दारू नको.

जागा भुवईच्या बाहेरच्या एक तृतीयांश भागात हवी. नाकाकडून बाहेर भुवईच्या हाडाच्या कडेवरून बोट फिरवलं, तर अनेकांना बुबुळाच्या सरळ रेषेच्या जरा आत एक बारीक खाच लागते. कपाळाची संवेदना देणारा मज्जातंतू तिथून वर जातो. खूण त्या खाचेच्या बाहेर, कानाच्या बाजूला पडायला हवी. खूण करताना ताठ बसा आणि चेहरा सैल सोडा. मग आरशात बघून भुवया वर-खाली करा, हसा, चष्मा असेल तर घालून बघा. फ्रेम खालच्या बॉलला टेकत असेल तर खूण पुसून नव्याने करायला सांगा. दोन खुणांमध्ये साधारण ८ ते १० मिलिमीटर अंतर असावं.

डोळ्याजवळ क्लोरहेक्सिडिन वापरू देऊ नका, ते डोळ्यात गेलं तर बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याला इजा होते. बधिर करणारं क्रीमही त्याच कारणाने नको. सुई जायला एक-दोन सेकंद लागतात. श्वास सोडताना टोचलं की कमी दुखतं. नंतर थोडं रक्त येतं. काहींचा डोळा दोन-तीन दिवस काळानिळा होतो, त्याने घाबरू नका. फडक्यात गुंडाळलेला बर्फ बाजूला पाच-दहा मिनिटं धरा, थेट दागिन्यावर दाबू नका.

रोजची काळजी

मेडिकलमधून ०.९ टक्के सोडियम क्लोराइडचं निर्जंतुक सलाईन आणा. छोटी १० मिलिलिटरची अँप्युल मिळाली तर बरं, कारण फोडलेली मोठी बाटली दिवसेंदिवस वापरली की तिच्यातच जंतू होतात. नाकात घालायचे सलाईनचे थेंब यासाठी नाहीत. घरी मीठ-पाणी करायचा मोह टाळा. ०.९ टक्के म्हणजे पाव लिटर पाण्यात सव्वादोन ग्रॅम मीठ. हे चमच्याने नेमकं मोजता येत नाही, आणि खारट झालं की जखम कोरडी पडून तडकते.

दिवसातून दोनदा जखम साफ करा. आधी साबणाने हात धुवा. गॉजचा तुकडा सलाईनमध्ये भिजवून दोन-तीन मिनिटं नुसता टेकवून ठेवा. सकाळी खालच्या बॉलच्या गळ्याशी पिवळसर-पांढरी खपली जमलेली असते. ती जखमेतून पाझरून सुकलेली लस आहे, पू नाही. भिजली की मऊ होऊन आपोआप गॉजवर येते. आली नाही तर राहू द्या, नखाने काढू नका. मग कागदी टिश्यूने टिपून कोरडं करा. कापसाचे धागे दागिन्याला गुंडाळतात, म्हणून कापूस नको.

दागिना फिरवायचा नाही. कान टोचल्यावर तेल लावून तार फिरवायची जी सवय घरोघरी असते, तिने इथे सुकलेली लस आत ओढली जाते आणि नवी कातडी फाटते. हळद, खोबरेल तेल, डेटॉल, हायड्रोजन पेरॉक्साइड यातलं काहीही लावू नका. आजीने मायेने हळद दिली तर ती दुधात घालून प्या. डोक्याला तेल किंवा मेंदी लावताना ते कपाळावर ओघळू देऊ नका.

हेल्मेट घालताना आणि काढताना ते आधी कपाळापासून लांब ताणा, मग वर-खाली करा. टी-शर्टचा गळा आणि टॉवेलचे धागे हे नेहमीचे गुन्हेगार. दुसऱ्या कुशीवर झोपा. किमान दोन महिने पोहणं बंद, आणि त्या भुवईला थ्रेडिंगही बंद. मधे वाढलेले केस स्वच्छ चिमट्याने लांबूनच काढा. रंगपंचमी किंवा गणपतीतला गुलाल जवळ आला असेल तर ते दिवस उलटल्यावरच टोचा.

तीन ते सहा आठवड्यांत सूज पूर्ण उतरली की स्टुडिओत जाऊन आखूड दांडी घालून घ्या. लांब दांडी तशीच ठेवली तर ती हलत राहते, आणि हलणारी दांडी लवकर बाहेर येते. वरून भरलेलं दिसायला दीड-दोन महिने लागतात, आतून भरायला तीन महिने किंवा जास्तही.

बिघडतंय का?

दाट हिरवट पू, वास, वाढत जाणारा ठणका आणि गरमपणा ही संसर्गाची लक्षणं. डॉक्टरांकडे जा. दागिना स्वतः काढू नका, कारण भोक मिटलं तर पू आत कोंडतो. पापणी सुजून डोळा उघडेना, डोळा फिरवताना दुखलं, अंधुक दिसलं किंवा ताप आला, तर त्याच तासाला हॉस्पिटल गाठा.

दागिना बाहेर सरकणं मात्र गुपचूप होतं, त्यात पू नसतो. म्हणून पहिल्या आठवड्यात मिलिमीटरची पट्टी शेजारी धरून फोटो काढा आणि दर पंधरा दिवसांनी तसाच काढत जा. भोकांमधलं अंतर कमी होतंय, वरची कातडी लालसर, चकचकीत, पातळ होतेय, आतली दांडी दिसायला लागली, तर ती परत आत जाणार नाही. पाच-सहा मिलिमीटरपेक्षा कमी कातडी उरली की स्टुडिओत जाऊन दागिना काढून टाका. वेळेवर काढला तर दोन ठिपके राहतात. शेवटपर्यंत थांबलात तर कातडी चिरून सरळ रेघेचा व्रण राहतो आणि त्यावर भुवईचे केस येत नाहीत.

काढल्यावरही भोकं कोरडी होईपर्यंत सलाईन चालू ठेवा. पुन्हा टोचायचं असेल तर किमान सहा महिने थांबा, आणि जुन्या व्रणातून न टोचता त्याच्या बाजूला नवी जागा आखून घ्या.