संथ जगायचं ठरवलंय? मग या चुका टाळा

संथ जगायचं म्हटलं की बहुतेक जण काहीतरी नवीन सुरू करतात. पहाटेचं ध्यान, रोजची डायरी, कुंडीतली झाडं, संध्याकाळचा फेरफटका. आधीच्या यादीतलं मात्र एकही काम कमी होत नाही. चार दिवस हौसेचे जातात, मग ध्यानसुद्धा उरकायचं काम होऊन बसतं. सगळ्यात जास्त प्रयत्न इथेच फसतात. दोन कामांच्या मध्ये उसंत असेल, तर हात भरभर चालले तरी जीव शांत राहतो. ती नसेल, तर कितीही सावकाश चाला, मनातली धावपळ थांबत नाही.

म्हणून सुरुवात वजाबाकीने करा. सलग ३ दिवस, त्यातला एक सुट्टीचा, दर तासाला एक ओळ लिहा: या तासात काय केलं. चौथ्या दिवशी तो कागद समोर घेऊन दोन कामं शोधा. एक असं, जे केलं नाही तरी कोणाचं काही अडत नाही, ते खोडा. दुसरं असं, जे रोजच्याऐवजी आठवड्यातून दोनदा केलं तरी भागतं. त्याचे वार ठरवा. सुटलेल्या वेळात निदान २ आठवडे काहीही भरू नका. ही अट सगळ्यात अवघड जाते, पण तीच मोडली तर पुढचं सगळं व्यर्थ.

निघायची वेळ चुकीची धरणं

सकाळची घाई बहुतेकदा हिशेबाच्या चुकीतून येते. ‘९ ला निघायचं’ म्हणताना आपण खुर्चीतून उठायची वेळ धरतो. त्यानंतर बाटली भरायची असते, चार्जर सापडत नाही, खिडक्या लावायच्या राहतात, बुटाची नाडी सुटलेली असते, किल्ली कालच्या पिशवीत असते. कुलूप लावल्यावर दिवा चालू राहिला म्हणून पुन्हा आत. एकदा घड्याळ लावून मोजा. सहज १५ मिनिटं निघतात. स्वतःच्या कामाला लागणारा वेळ माणूस कमीच धरतो, हे डॅनियल कानमन आणि एमॉस ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ मध्ये मांडलं होतं. मागच्या वेळी उशीर झाला हे आठवत असूनही ही चूक होते, त्यामुळे ‘या वेळी लवकर आवरू’ या निश्चयावर विसंबू नका. मोजलेला आकडाच वापरा.

निघायची वेळ म्हणजे कुलूप लागायची वेळ, असं एकदा पक्कं करा. तुमचा आकडा १५ असेल तर २० मिनिटं आधीचा गजर लावा आणि तो वाजला की हातातलं काम तिथेच सोडा. ‘एवढं एक झालं की उठूच’ या वाक्यातच ती ५ मिनिटं जातात. किल्ली, पाकीट आणि चष्मा यांची दाराजवळ एकच जागा ठेवा. कामाच्या बैठकाही ६० ऐवजी ५० मिनिटांच्या आणि ३० ऐवजी २५ मिनिटांच्या ठरवा, म्हणजे दोन बैठकांच्या मध्ये पाणी प्यायला तरी सवड मिळेल.

अर्धवट काम डोक्यात घेऊन उठणं

एक काम मध्येच सोडून दुसऱ्याला हात घातला की लक्षाचा एक तुकडा पहिल्यातच अडकून राहतो. सोफी लरॉय यांच्या २००९ च्या संशोधनात हे दिसलं आहे. संध्याकाळी निवांत बसूनही चैन पडत नाही, त्यामागे अनेकदा हेच असतं. उपाय अर्ध्या मिनिटाचा आहे. उठण्याआधी कागदावर दोन गोष्टी लिहा: कुठे थांबलो आणि परत आल्यावर पहिली पायरी कोणती. ‘अहवाल अपूर्ण’ एवढं लिहून भागत नाही. ‘तिसऱ्या तक्त्याची बेरीज तपासायची’ असं लिहिलं की डोकं तो विषय सोडायला तयार होतं.

शरीरावर जबरदस्ती करणं

दीर्घ श्वास म्हणजे छाती फुगवून जोरजोरात घेतलेला श्वास, ही समजूत फार पसरलेली आहे. तसं केलं की शरीरातला कार्बन डायऑक्साइड गरजेपेक्षा जास्त बाहेर पडतो, गरगरतं, बोटांना मुंग्या येतात. मग ‘आपल्याला हे जमत नाही’ म्हणून लोक सोडून देतात. श्वास हलकाच ठेवा, फक्त बाहेर सोडायला जास्त वेळ द्या. ४ सेकंद आत, ६ सेकंद बाहेर, म्हणजे मिनिटाला ६ श्वास. ५ मिनिटं पुरेत. गरगरलं तर मोजणं थांबवून नेहमीसारखा श्वास घ्या.

जेवताना घास ३२ वेळा चावायचा नेमही असाच टिकत नाही, कारण मोजण्यात चव हरवते. तोंडातला घास गिळल्याशिवाय पुढचा हातात घ्यायचा नाही, एवढंच पाळा. पोट भरल्याची जाणीव व्हायला साधारण २० मिनिटं लागतात. तेवढा वेळ जेवण चाललं तरी खूप.

अस्वस्थ वाटलं की सोडून देणं

रिकामा वेळ मिळाला की सुरुवातीला बरं वाटण्याऐवजी चुळबुळ सुरू होते, अपराधी वाटतं, हात आपोआप फोनकडे जातो. यात बिघडलेलं काही नाही. फोन खिशात न ठेवता दुसऱ्या खोलीत ठेवा आणि १० मिनिटं खिडकीशी बसा. पुढच्या आठवड्यात १५. लंडनमधल्या एका अभ्यासात नवी सवय अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागले, कोणाला १८ तर कोणाला २५४ दिवसही लागतील असा हिशेब निघाला. मध्ये एखादा दिवस चुकल्याने फारसं नुकसान होत नसल्याचंही त्यात दिसलं. त्यामुळे ‘२१ दिवसांत सवय’ या हिशेबाने स्वतःला नापास करू नका.

मात्र संथपणा आणि खचलेपण यांत गल्लत नको. २ आठवड्यांहून अधिक काळ कशातच रस वाटत नसेल, झोप किंवा भूक बिघडली असेल, तर तो थकवा वेगळा आहे, डॉक्टरांना भेटा.

आपला निवांतपणा दुसऱ्याच्या खांद्यावर टाकणं

तुम्ही सकाळी अर्धा तास शांत बसता तेव्हा डबे कोण भरतं, मुलांचं कोण आवरतं, हे त्या तीन दिवसांच्या कागदावर पाहा. उत्तर घरातली एकच व्यक्ती असेल, तर घाई संपलेली नाही, तुमच्याकडून तिच्याकडे गेली आहे. कागद तिच्यासमोर ठेवा आणि तिचा अर्धा तास कोणता, हे आधी विचारा. त्या वेळेतली कामं नावानिशी स्वतःकडे घ्या. ‘काही लागलं तर सांग’ म्हणू नका, कारण मग लक्षात ठेवायचं काम तिच्याकडेच राहतं.