टर्नटेबल आणि स्टिरिओ जुळवताना या चुका टाळा

नावाजलेले टर्नटेबल (रेकॉर्ड फिरवणारे यंत्र), उत्तम कार्ट्रिज (सुईच्या कंपनांचे विजेच्या संकेतात रूपांतर करणारा छोटा भाग), दमदार अ‍ॅम्प्लिफायर आणि तोलामोलाचे स्पीकर एकत्र आणले, तरी रेकॉर्डच्या शेवटच्या गाण्यात गायिकेचा 'स' चरचरतो, खर्ज बोजड वाटतो किंवा शांत जागी घूं असा आवाज येत राहतो, आणि मग दोष यंत्राचा मानून त्याहून महाग यंत्राचा शोध सुरू होतो. बहुतेक वेळा दोष जुळणीत असतो. सुईपाशी बिघडलेला आवाज पुढचे कोणतेही यंत्र सुधारू शकत नाही, म्हणून जुळणी सुईपासून सुरू करून स्पीकरकडे जावे आणि एका वेळी एकच गोष्ट बदलून ऐकावे.

कार्ट्रिज आणि टोनआर्मचा मेळ

पहिली चूक खरेदीच्या वेळीच होते. कार्ट्रिज कीर्तीवरून निवडले जाते, पण ते आपल्या टोनआर्मला, म्हणजे कार्ट्रिज धरणाऱ्या दांड्याला, मानवेल का, हे पाहिले जात नाही. सुईच्या दांडीची लवचीकता आणि आर्मचे वस्तुमान मिळून एक नैसर्गिक वारंवारता ठरते आणि ती साधारण ८ ते १२ हर्ट्झ असावी. त्याखाली गेली तर वाकलेल्या रेकॉर्डचे चढउतार आर्मला झुलवतात, फार वर गेली तर ती ऐकू येणाऱ्या खर्जात शिरते. ती काढण्यासाठी आर्मचे परिणामी वस्तुमान (इफेक्टिव्ह मास, म्हणजे सुईपाशी जाणवणारे वस्तुमान), कार्ट्रिजचे वजन आणि स्क्रूंचे वजन यांची ग्रॅममधील बेरीज कार्ट्रिजच्या लवचीकतेच्या (कम्प्लायन्स) आकड्याने गुणावी, गुणाकाराचे वर्गमूळ काढावे आणि १५९ ला त्याने भागावे. १२ ग्रॅमचा आर्म, ७ ग्रॅमचे कार्ट्रिज आणि १ ग्रॅमचे स्क्रू असतील, तर १२ लवचीकतेला उत्तर सुमारे १०.३ हर्ट्झ येते. त्याच आर्मवर तेवढ्याच वजनाचे पण २५ लवचीकतेचे कार्ट्रिज लावले, तर ते ७.१ वर घसरते. जपानी उत्पादक लवचीकता बहुधा १०० हर्ट्झला मोजून देतात, तेव्हा या हिशेबासाठी तो आकडा दीडपट ते दुप्पट धरावा. रेकॉर्ड फिरत असताना वूफरचा (खर्ज वाजवणाऱ्या स्पीकरचा) पडदा संथपणे आत-बाहेर डोलताना दिसला, तर आधी हा मेळ तपासावा आणि मगच ऐकू न येणारी खोल कंपने गाळणाऱ्या सबसॉनिक फिल्टरकडे वळावे.

सुईची बैठक

कार्ट्रिज बसवताना अ‍ॅम्प्लिफायर बंद ठेवावा आणि सुईचे झाकण काढू नये. हेडशेलमधल्या (आर्मच्या टोकाला कार्ट्रिज बसवण्याच्या जागेतल्या) चार बारीक तारांचे रंग ठरलेले आहेत: पांढरी डावीकडची धन, निळी डावीकडची ऋण, लाल उजवीकडची धन आणि हिरवी उजवीकडची ऋण. तारेच्या टोकाची धातूची टोपी चिमट्यात धरून सरकवावी. तार ओढल्यास सोल्डरचा जोड तुटतो. टोपी सैल असेल तर ती कार्ट्रिजपासून काढून, आत लाकडी दातकोरणे घालून हलकेच दाबावी.

खरी मेहनत यापुढे आहे. एका टोकाशी खिळलेला आर्म रेकॉर्डवर कंस काढत जातो, त्यामुळे सुई खाचेच्या अचूक स्पर्शरेषेत फक्त दोन ठिकाणी येते. बेअरवॉल्ड पद्धतीत ही ठिकाणे केंद्रापासून सुमारे ६६ आणि १२०.९ मिलिमीटरवर असतात. प्रोट्रॅक्टरच्या (सुईचा कोन जुळवण्याच्या रेघाळलेल्या पट्टीच्या) रेघा कार्ट्रिजच्या चौकोनी अंगाशी जुळवणे ही सर्रास होणारी चूक आहे, कारण सुईची दांडी आत किंचित तिरपी बसवलेली असू शकते. बाजूने उजेड पाडून, भिंगातून पाहत, रेघ दांडीशीच जुळवावी, आणि एका बिंदूवर जुळली म्हणून थांबू नये. दुसऱ्या बिंदूसाठी कार्ट्रिज सरकवले की पहिला थोडा बिघडतो, म्हणून दोन्ही एकदम जुळेपर्यंत पुढे-मागे करत राहावे लागते. ही काटेकोरपणाची गरज रेकॉर्डच्या आतल्या भागात कळते: मिनिटाला ३३⅓ फेऱ्यांच्या वेगाने बाहेरच्या कडेला खाच सुईखालून सेकंदाला सुमारे ५१ सेंटिमीटर सरकते, तर आतल्या टोकाला सुमारे २१. तेवढेच संगीत निम्म्याहून कमी लांबीत कोरलेले असल्याने तिथे लहानशी चूकही ऐकू येते.

सुईचा भार कमी ठेवला की रेकॉर्ड कमी झिजते, ही समजूत मला सर्वांत घातक वाटते. भार अपुरा असेल तर जोरदार आवाजाच्या जागी सुई खाचेच्या भिंतींवरून उडते आणि पुन्हा आदळते, आणि त्या इजेची खूण रेकॉर्डवर कायमची राहते. उत्पादकाने १.६ ते २ ग्रॅम सांगितले असतील, तर मर्यादेच्या वरच्या निम्म्या भागात राहावे. काउंटरवेटवरच्या (आर्मच्या मागच्या टोकाच्या तोलाच्या वजनावरच्या) आकड्यांवर विसंबू नये; सुईभार मोजणारा छोटा काटा वापरावा, आणि तो रेकॉर्डच्या उंचीलाच मोजणारा असावा, कारण आर्म वर उचललेला असताना मोजलेला भार अनेक आर्मवर वेगळा येतो.

अँटी-स्केटिंग (सुईला रेकॉर्डच्या मध्याकडे ओढणाऱ्या बलाचा तोल साधणारी सोय) सुईच्या भाराच्या आकड्याइतके किंवा त्याहून थोडे कमी ठेवून सुरुवात करावी. गुळगुळीत, खाच नसलेल्या रेकॉर्डवर सुई स्थिर राहीपर्यंत ते वाढवण्याचा सल्ला सर्रास दिला जातो, पण आत ओढणारे बल सुईच्या घर्षणातून निर्माण होते आणि सपाट पृष्ठभागावरचे घर्षण खाचेतल्या घर्षणासारखे नसते. आवाजाची केवळ उजवी बाजू फाटत असेल तर अँटी-स्केटिंग थोडे वाढवावे, केवळ डावी फाटत असेल तर कमी करावे. आर्मची उंची तो वाजत्या रेकॉर्डला समांतर दिसेल अशी ठेवावी; समोरून पाहताना कार्ट्रिज कलंडलेले नसावे.

फोनो स्टेज आणि घूं असा आवाज

रेकॉर्डची खाच कोरताना खर्ज दाबलेला आणि वरचे स्वर वाढवलेले असतात; १९५४ साली रूढ झालेल्या आरआयएए (अमेरिकेतील रेकॉर्ड उद्योगाची संघटना) वक्रानुसार २० हर्ट्झ आणि २० किलोहर्ट्झ या दोन टोकांना हा फरक प्रत्येकी सुमारे २० डेसिबलचा असतो, आणि फोनो स्टेज (कार्ट्रिजचा क्षीण संकेत वाढवणारा भाग) तो उलटवते. त्यामुळे टर्नटेबल साध्या लाइन इनपुटला जोडले तर आवाज क्षीण आणि किरटा येतो, आणि अंगभूत फोनो स्टेज चालू ठेवून ते पुन्हा फोनो इनपुटला जोडले तर फाटका आणि गुदमरलेला येतो. मूव्हिंग मॅग्नेट (सुईबरोबर चुंबक हलणाऱ्या) कार्ट्रिजला ४७ किलोओहम भार, म्हणजे फोनो इनपुटचा रोध, लागतो आणि तारेची व इनपुटची मिळून धारिता (कपॅसिटन्स) उत्पादकाने सांगितलेल्या मर्यादेत राहावी लागते. ती वाढली की वरचे स्वर आधी कर्कश होतात. मूव्हिंग कॉइल (सुईबरोबर तारेचे वेटोळे हलणाऱ्या) कार्ट्रिजसाठी त्याच्या अंतर्गत रोधाच्या सुमारे दहापट भारापासून सुरुवात करावी.

गुणगुण शोधताना अंदाजाने तारा बदलू नयेत. आधी आवाज कमी करून टर्नटेबलच्या तारा फोनो स्टेजमधून काढाव्यात आणि मग पुन्हा वाढवावा; तरीही गुणगुण राहिली, तर ती अ‍ॅम्प्लिफायरच्या बाजूची आहे. गेली, तर अर्थची बारीक तार नीट आवळली आहे का ते पाहावे. एकाच बाजूला घुमत असेल तर हेडशेलमधली टोपी किंवा प्लग सैल असतो. सुई न टेकवता आर्म प्लॅटरच्या (रेकॉर्ड ठेवण्याच्या फिरत्या तबकडीच्या) मध्याकडे नेताना आवाज वाढला, तर मोटरचे चुंबकीय क्षेत्र कार्ट्रिजपर्यंत पोहोचत आहे. टर्नटेबल बाजूला सरकवल्यावर कमी झाला, तर शेजारच्या अ‍ॅम्प्लिफायरचा ट्रान्सफॉर्मर कारणीभूत आहे. बारीक तार जोडल्यानेच गुणगुण वाढत असेल तर ती तार काढून पाहावी, पण विजेच्या प्लगमधली अर्थ पिन कधीही काढू नये, तो जिवाशी खेळ आहे.

जागा

टर्नटेबल स्पीकर असलेल्याच कपाटावर ठेवू नये. प्लॅटर थांबवून सुई रेकॉर्डवर टेकवावी, हात नॉबवर ठेवून आवाज नेहमीच्या पातळीपर्यंत हळूहळू वाढवावा आणि कपाटाला बोटाने टिचकी मारावी. ती टिचकी स्पीकरमधून घुमून ऐकू आली, तर स्पीकरचा आवाज त्याच वाटेने सुईपर्यंत परत येत आहे आणि खर्ज गढूळ करत आहे. लाकडी जमिनीवर पावलांनी सुई उडत असेल, तर जड स्टँडपेक्षा भिंतीतली फळी सरस ठरते.

स्पीकरची एक जोडणी उलटी झाली तर खर्ज पातळ होतो आणि आवाज मध्यभागी ठरत नाही. मोनो रेकॉर्ड लावून हे लगेच तपासता येते. ४ मीटर लांबीच्या खोलीची पहिली अनुनाद वारंवारता सुमारे ४३ हर्ट्झ असते आणि लांबीच्या बरोबर मध्यावर बसणाऱ्याला नेमका तोच स्वर सर्वांत क्षीण ऐकू येतो, म्हणून नवा सबवूफर घेण्याआधी खुर्ची अर्धा मीटर मागे-पुढे करून पाहावी. स्पीकर मागच्या भिंतीपासून १ मीटरवर असेल, तर परावर्तित ध्वनी ८६ हर्ट्झच्या आसपासचा स्वर खातो. अंतर बदलले की ती पोकळी सरकते. पुढे कधी कार्ट्रिज बदलले, तर सुईचा भार, कोन, उंची आणि अँटी-स्केटिंग ही सगळी मापे नव्याने घ्यावीत; जुन्या कार्ट्रिजचे आकडे नव्याला लावू नयेत.