सप्टेंबरातली माडांची निगा: आधी सोंड ओळखा, मग औषध

गणपती जाऊन पावसाचा जोर ओसरला की वाडीत फिरताना नजर आपोआप माडाच्या शेंड्याकडे जाते. या दिवसांत खोडाकडेही तितकेच बारकाईने पाहा. सोंड्या भुंग्याची अळी गाभा पोखरत असते तेव्हा माड वरून हिरवागारच दिसतो. शेंडा कलंडला की तो माड गेला. ५ ते २० वर्षांच्या माडांना याचा धोका जास्त.

माडावर येणाऱ्या गेंड्या आणि सोंड्या या दोन भुंग्यांची गल्लत झाली की उपाय वाया जातात. गेंड्या काळा, जाडजूड, डोक्यावर शिंगाचा. तो शेंड्यातली कोवळी सुई, म्हणजे न उमललेली झावळी कुरतडतो, म्हणून झावळी उमलल्यावर पंख्यासारखी कातरलेली दिसते. सोंड्या तांबूस तपकिरी, साधारण साडेतीन सेंटिमीटर लांब, तोंडापुढे लांब वाकडी सोंड. तांदळातले सोंडे आणि आंब्याच्या कोयीतला भुंगा हे याचेच भाऊबंद. सापडलेला भुंगा तळहातावर घेऊन सोंड निरखा: वरच्या बाजूला आखूड केसांचा झुपका असेल तर नर, सोंड गुळगुळीत असेल तर मादी.

अळ्यांतला फरक त्याहून कामाचा. गेंड्याची अळी शेणखतात वाढते, वाकडी असते आणि तिला सहा पाय असतात. सोंड्याची अळी बिनपायांची, पिवळट, मधे फुगीर. ती माडातच वाढते आणि माडाच्याच तंतूंचा कोश गुंडाळून त्यात बसते. म्हणजे खताच्या खड्ड्यात औषध ओतून सोंड्या मरत नाही. तरीही खत उलथून गेंड्याच्या अळ्या वेचायलाच हव्यात, कारण गेंड्याने केलेल्या जखमेत सोंड्याची मादी अंडी घालते.

जखम टाळणे हाच खरा उपाय. हिरवी झावळी तोडावीच लागली तर खोडाकडचा किमान १२० सेंटिमीटर देठ राखून तोडा. देठात शिरलेली अळी मग खोडापर्यंत पोहोचत नाही. पाडेली माडावर चढण्यापूर्वीच त्याला हे सांगा. चढण्यासाठी खोडाला खाचा पाडू नका. जखम झालीच तर त्याच दिवशी डांबर लावा, पण आधी ती जागा फडक्याने कोरडी करा. ओल्या खोडावर डांबर धरत नाही.

गेंड्याला दूर ठेवायला सुईलगतच्या दोन-तीन झावळ्यांच्या बेचक्यांत २५० ग्रॅम निंबोळी पेंड तितक्याच वाळूत मिसळून भरा. पावसाआधी, सप्टेंबरात आणि डिसेंबरात असे वर्षातून तीनदा.

खोडावर छिद्र, त्यातून तांबूस चिकट द्रव आणि चघळलेला चोथा दिसला तर शांत वेळी खोडाला कान लावा. अळ्यांची कुरकुर ऐकू येते. शेंडा शाबूत असेल तर माड वाचू शकतो. आधी नारळ उतरवून घ्या. सर्वांत वरचे छिद्र सोडून बाकीची ओल्या मातीने बुजवा. इमिडाक्लोप्रिड १७.८ टक्के एस.एल. (पाण्यात विरघळणारे कीटकनाशक) १ मिली प्रतिलिटर पाण्यात मिसळून नरसाळ्याने वरच्या छिद्रात सावकाश ओता आणि तेही लिंपून टाका. आठवड्याने पुन्हा कान लावा. कुरकुर चालू असेल तर पुन्हा ओता. हातमोजे घाला, आणि औषधाची चालू शिफारस रत्नागिरीजवळच्या भाट्ये येथील प्रादेशिक नारळ संशोधन केंद्रातून किंवा कृषी सहायकाकडून पडताळून घ्या.

गंध सापळा, म्हणजे सोंड्याला वासाने ओढून पकडणारी बादली, हेक्टरी एक पुरे. बादलीला बाहेरून गोणपाट गुंडाळा, नाहीतर भुंगा घसरतो. आत पाण्यात पिकलेले केळे किंवा उसाचे तुकडे ठेवा आणि ते आठवड्याने बदला. पाणी आटले तर भुंगे उडून जातात. मात्र सापळा तरण्या माडाला कधीच बांधू नका. गंधाकडे आलेले सगळेच भुंगे बादलीत पडत नाहीत, काही शेजारच्या माडावर उतरतात. म्हणून सापळा वाडीच्या कडेला, माडांपासून दूर हवा.

शेंडा पडलेला माड उभा ठेवू नका. तोडून बांधावर टाकलेल्या खोडातूनही भुंगे निघतात आणि शेजाऱ्याच्या वाडीत जातात. सप्टेंबरात ओले खोड पेटत नाही, तेव्हा ते उभे चिरून ढलप्या करा, अळ्या आणि कोश वेचून साबणाच्या पाण्यात बुडवून मारा. ढलप्या सुकल्या की जाळा.