या चुका टाळा : 'फॉलआउट' टेबलावर खेळताना पात्रं कुठे फसतात

धान घरात आलं की आमच्या झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भात, मंडई (गावची जत्रा) आणि नाटकांचे दिवस सुरू होतात. वडसा भागातल्या आमच्या गावात याच दिवसांत आम्ही पाच जण ओसरीवर बसून 'फॉलआउट'ची टेबलटॉप आवृत्ती खेळतो. 'फॉलआउट' हा मूळचा अणुयुद्धानंतरच्या अमेरिकेतला कॉम्प्युटर गेम; टेबलावर तोच फासे टाकून आणि आपापल्या पात्राच्या तोंडून बोलून खेळायचा. मोबाईलवर नियमपुस्तक, वीस बाजूंचे दोन फासे आणि अ‍ॅक्शन पॉइंट (साठवून वापरायचे जादा पॉइंट) मोजायला सहा चिंचोके. गेममास्टर, म्हणजे गोष्ट चालवणारा, मी. पहिली कॅम्पेन (अनेक बैठकांत चालणारी गोष्ट) तिसऱ्या बैठकीतच मोडली, ती पात्रांमुळे.

सगळ्यांत जास्त नडलं ते कॉम्प्युटरवरचा हिरो तसाच उचलून आणणं. १९९७च्या मूळ गेममध्ये व्हॉल्ट १३ या जमिनीखालच्या आसऱ्यातला माणूस पाण्याच्या यंत्राची चिप शोधायला एकटाच बाहेर पडतो, हाताशी १५० दिवस. कुलूप, बंदूक, बोलाचाली, सगळं त्याच्याच अंगावर. टेबलावर मात्र चौघं असतात. आमच्या चौघांनीही घरून बंदूकवाले बनवून आणले आणि पहिल्याच कुलूपबंद दारापुढे खोळंबले. "तू काहून नाही घेतलं बे लॉकपिक?" यातच तासभर गेला.

म्हणून पात्रं घरी बनवूच नका. एक अख्खी संध्याकाळ त्यासाठीच ठेवा. सात गुण, प्रत्येक ५ पासून, वर वाटायला ५ पॉइंट आणि तीन टॅग स्किल, म्हणजे पात्राची खास कौशल्यं. कागदावर काही लिहायच्या आधी दार कोण उघडणार, जखम कोण बांधणार, व्यापाऱ्याशी कोण बोलणार, एवढं ठरवा.

करिश्मा, म्हणजे लोकांवर छाप पाडण्याचा गुण, कापण्याची खोड याच्याच जोडीची. कॉम्प्युटरवर बोलणं फसलं तर जुना सेव्ह (आधी साठवलेला खेळ) उघडता येतो, म्हणून सगळे तिथला एक पॉइंट काढून दुसरीकडे लावतात. टेबलावर हिशेब वेगळा होतो. गुण आणि स्किल यांच्या बेरजेइतका किंवा त्याहून कमी आकडा पडला की यश. करिश्मा ४ आणि स्पीच (बोलण्याचं स्किल) शून्य असेल, तर सोप्या कामातही दोन फाशांवर निदान एक यश मिळण्याची शक्यता ३६ टक्के. करिश्मा ७ आणि स्पीच टॅग केलेलं असेल, तर जवळजवळ ७० टक्के. चौघांपैकी एकाने तरी हा खर्च करावाच.

लांबलचक पूर्वकथाही घात करते. आमच्यातल्या एकाने तीन पानं लिहिली होती: घरदार गेलं, आता कुणावर विश्वास नाही. वाचायला छान, पण हे पात्र प्रत्येक प्रसंगात बाजूला जाऊन बसायचं. आता मी एकच प्रश्न विचारतो: बाकीच्या तिघांपैकी कुणाचं तुझ्यावर काय देणं आहे? आमच्या नाटकांतही खलनायक असो की विनोदी नट, त्याचं कुणाशी तरी काम अडलेलं असतं, म्हणून तर प्रेक्षक पहाटेपर्यंत हलत नाही.

गोष्ट अमेरिकेच्या ओसाड प्रदेशातच राहू द्या, पात्राचे हात मात्र आपल्या ओळखीचे असू द्यात. आमचा एक गडी मोटर रिवाइंडिंग करतो. त्याने रिपेअर टॅग करून साधा सर्व्हायव्हर, म्हणजे त्या ओसाड प्रदेशात तगलेला माणूस, बनवला. पंप बंद पडलेल्या वस्तीत तो पहिल्यांदा वाइंडिंगचा वास घेतो, मग केबल तपासतो. ऐन उन्हाळी धानात मोटर जळली की घरात काय होतं, हे त्याला सांगावं लागत नाही. आजवरच्या कॅम्पेनमधलं मला सगळ्यांत आवडलेलं पात्र तेच.

ज्याने गेम पुरा केलाय, त्याने पुढचं फोडू नये. पात्राला जे माहीत नाही ते खेळाडूनेही पोटात ठेवावं.

पात्र फसलंच असेल तर फाडून टाकू नका. दुसऱ्या बैठकीनंतर मी प्रत्येकाला एक टॅग स्किल आणि दोन पॉइंट हलवू देतो. नियमपुस्तकात हे नाही, आमचा घरचा नियम आहे. त्या तीन पानंवाल्याने बंदुकीचं टॅग काढून लॉकपिक घेतलं आणि पानांत एक ओळ जोडली: पंपवाल्याने माझ्या वस्तीला पाणी दिलं होतं. पुढच्या बैठकीत कुलूपबंद दार आलं तेव्हा सगळ्यांत आधी तोच उठून पुढे सरकला.